डिझेल पिकअपला जादा मीटर बसवताना : माझा अनुभव

एप्रिल-मे महिन्यांत पावसच्या बागेतून हापूसच्या पेट्या भरून माझी पिकअप कोल्हापूरला जाते, तेव्हा इंजिनाची खरी परीक्षा साखरप्यापासून आंबा गावापर्यंतच्या चढणीत होते. अडीच लिटरचे, चार सिलिंडरचे टर्बो डिझेल इंजिन, मागे क्षमतेइतका माल आणि वर तळपते ऊन. घाटात गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चालते, म्हणजे इंजिन पूर्ण ताकदीने उष्णता तयार करत असते आणि वेग कमी असल्यामुळे रेडिएटरवर समोरून वारा मात्र फारसा येत नाही. अशा वेळी आत काय चालले आहे हे कळण्यासाठी कंपनीच्या डॅशबोर्डावर दोनच खुणा होत्या : तापमानाचा एक काटा आणि ऑइलचा एक लाल दिवा.

या दोन्हींची मर्यादा मला गेल्या हंगामात कळली. वळणावर एका होजच्या क्लिपेजवळून कूलंट झिरपत होते, काटा नेहमीप्रमाणे मध्यावर होता, आणि तो हलला तो थेट लाल पट्ट्याच्या दिशेनेच. हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांमधले सील) गेले आणि पेट्या दुसऱ्या गाडीत भराव्या लागल्या. नंतर चौकशी केल्यावर समजले की अनेक गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दामच मंद ठेवलेला असतो. कूलंटचे तापमान एका मोठ्या पट्ट्यात वरखाली झाले तरी तो मध्यावरून ढळत नाही, कारण सतत हलणारा काटा पाहून चालक विनाकारण धास्तावतात. ऑइलचा दिवा तर साधारण अर्ध्या बारच्या (बार हे दाब मोजण्याचे एकक) खाली दाब आला तरच लागतो. चालत्या इंजिनाचा दाब तीन-चार बार असायला हवा, तो दीड बारवर घसरला तरी दिव्याला त्याची खबर नसते.

जादा मीटर घ्यायचे ठरवल्यावर मी स्वतःपुरता एकच निकष लावला : त्या काट्याकडे पाहून मी गाडी चालवताना काही वेगळे करणार आहे का? या निकषावर चार मीटर टिकले, ते म्हणजे कूलंटचे तापमान, ऑइलचा दाब, टर्बोचा बूस्ट (टर्बो हा बाहेर पडणाऱ्या वायूवर फिरणारा पंखा इंजिनात जी जादा हवा कोंबतो, तिचा दाब) आणि एक्झॉस्ट म्हणजे जळून बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान. बॅटरीसाठी छोटा व्होल्टमीटर पुरेसा वाटला, कारण इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की अल्टरनेटर ठीक आहे एवढे कळते. अँपिअर मीटर मी नाकारला. त्याच्यासाठी गाडीचा जवळजवळ सगळा करंट जाड वायरीने डॅशबोर्डापर्यंत आणून परत न्यावा लागतो, आणि ती वायर कुठे घासली तर आगीचा धोका असतो. ओबीडीच्या सॉकेटला (गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्याच्या जोडणीला) ब्लूटूथचे यंत्र लावून मोबाइलवर आकडे पाहण्याचा सल्लाही मिळाला. त्यात कूलंटचे तापमान आणि हवेचा दाब दिसतो, पण माझ्या गाडीत ऑइलसाठी फक्त दाबाचा स्विच आहे, म्हणजे त्याचा आकडा संगणकालाच ठाऊक नाही. शिवाय भर उन्हात काचेजवळ ठेवलेला मोबाइल स्वतःच तापून बंद पडतो.

या चौघांत एक्झॉस्टच्या तापमानाचे मीटर अनेकांना अनावश्यक वाटते. माझ्या मते डिझेल गाडीत ते सर्वांत मोलाचे आहे. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे प्रमाण जवळपास ठरलेले असते. डिझेलमध्ये ताकद कमी-जास्त होते ती इंधनाच्या मात्रेवर, त्यामुळे इंधन भरपूर आणि हवा अपुरी अशी स्थिती आली की जळलेल्या वायूचे तापमान झपाट्याने चढते. पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. ऑइलच्या फवाऱ्यामुळे आणि आत येणाऱ्या ताज्या हवेमुळे पिस्टन वायूइतके तापत नाहीत, म्हणून क्षणभर जास्त तापमान चालून जाते; मात्र टर्बोच्या आधी मोजलेले तापमान सलग ७०० अंशांच्या वर राहू देऊ नये, हा सर्वसाधारण दंडक मी स्वीकारला. कूलंटचा काटा हे सांगायला फार उशीर लावतो, कारण एवढे सगळे पाणी तापायला वेळ लागतो. एक्झॉस्टचा काटा पाय दाबल्यावर काही सेकंदांत हलतो.

या मीटरसाठी लागणारा के-टाइप थर्मोकपल (जास्त तापमान मोजणारा सेन्सर) शोधायला मला लांब जावे लागले नाही. कोल्हापूर हे फाउंड्रींचे शहर आहे, भट्ट्यांचे तापमान मोजायला तिथे थर्मोकपल रोजचेच, त्यामुळे पोलादी आवरणाचा, बारीक व्यासाचा आणि आट्यांच्या फिटिंगसह असा हवा तसा नमुना मिळाला. दुकानदाराने एक गोष्ट आवर्जून सांगितली. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा जोड. त्यातून दर अंशाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट इतका सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. वायर कमी पडली म्हणून मध्ये साधी तांब्याची वायर जोडली, तर त्या जोडाजवळचे तापमान हिशेबात घुसते आणि बॉनेटखाली ते सतत बदलत असल्याने आकडा चुकतो. म्हणून मीटरपर्यंत त्याच जातीची केबल न्यावी लागते.

मॅनिफोल्डचे (सिलिंडरांतला जळलेला वायू गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या बिडाच्या नळीचे) काम कोल्हापुरातच शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी केले. टर्बोच्या पुढे, सायलेन्सरच्या पाइपात थर्मोकपल बसवणे सोपे असते, पण टर्बाइन फिरवण्यात वायूची बरीच उष्णता खर्च झालेली असल्याने तिथला आकडा भाराखाली शंभर-दीडशे अंशांनी कमी दिसतो, आणि हा फरक भारानुसार बदलत राहतो. त्यामुळे चारही सिलिंडरचा वायू जिथे एकत्र येतो, त्या टर्बोच्या तोंडाशीच भोक हवे होते. मॅनिफोल्ड जागेवर ठेवूनच ड्रिल मारणारेही आहेत. आमचे मिस्त्री ठाम होते : “खाली उतरवल्याबिगर मी ड्रिल लावणार न्हाई. बिडाचा एक कण टर्बोत गेला तर पात्यांची वाट लागंल.” त्यांनी मॅनिफोल्ड उतरवला, भोक पाडून टॅपने आटे काढले, हवेच्या झोताने आतला चुरा साफ केला, आटे उष्णतेने जाम होऊ नयेत म्हणून अँटी-सीझ पेस्ट लावून फिटिंग घट्ट केले आणि नवीन गॅस्केट घालून सगळे परत चढवले. मजुरी वाढली, पण टर्बोच्या किमतीपुढे ती काहीच नाही.

कूलंटचा सेंडर (मीटरला आकडा पाठवणारा सेन्सर) बसवण्यापूर्वी मी तो घरी उकळत्या पाण्यात धरून मीटर तपासला. पावस समुद्रकाठी असल्याने पाणी १०० अंशांनाच उकळते, आणि काटा तिथेच आला. रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये अॅल्युमिनियमचा जोड घालून त्यात सेंडर बसवला. इथे एक बारकावा आहे. एका वायरीचा सेंडर अर्थिंग स्वतःच्या आट्यांतून घेतो, आणि हा जोड दोन्ही बाजूंनी रबराने धरलेला असल्यामुळे त्याला अर्थिंगच मिळत नाही. म्हणून जोडावर वेगळी वायर कसून ती इंजिनाच्या बॉडीला नेली, आणि आट्यांवर टेफ्लॉन टेपचे जाड वेढेही टाळले.

ऑइलच्या दाबासाठी यांत्रिक मीटर स्वस्त मिळतो, पण त्याची बारीक नळी गरम ऑइल थेट केबिनमध्ये आणते. मी विजेवर चालणारा घेतला. मूळ स्विच काढायचा नव्हता, कारण दिवाही हवाच. सर्रास लोक ब्लॉकवर पितळी टी (तीन तोंडांचा जोड) बसवून तिच्यावर स्विच आणि सेंडर दोन्ही लटकवतात. डिझेलची थरथर आणि सेंडरचे वजन यांमुळे अशी टी कालांतराने मानेशी तडकू शकते आणि मग सगळे ऑइल रस्त्यावर येते. आम्ही ब्लॉकपासून जाळीच्या आवरणाची लवचीक नळी काढून टी फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यावर) पक्की केली आणि तिलाही अर्थिंग दिले. बूस्टची नळी इनटेकवरून सहज निघाली.

मीटर काचेच्या खांबावर लावण्याची पद्धत दिसायला छान असते, पण आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि घाटातल्या उजव्या वळणावर समोरून येणारी एसटी नेमकी त्याच खांबाआड लपते. मी सगळे मीटर डॅशबोर्डाच्या मधोमध, काचेच्या खालच्या कडेपेक्षा वर येणार नाहीत असे बसवले. वीज किल्लीनंतरच्या सर्किटमधून ५ अँपिअरच्या वेगळ्या फ्यूजमार्गे घेतली, दिव्यांची वायर पार्किंग लाइटला जोडली.

पहिली चाचणी जांभा चिऱ्यांनी गाडी भरून त्याच चढणीवर घेतली आणि तेव्हा दोन काटे जोडीने वाचण्याचे महत्त्व पटले. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून ठेवल्यावर बूस्ट ०.८ बारच्या पुढे जाईना आणि एक्झॉस्ट ७०० कडे सरकू लागला. खाली उतरून पाहिले तर इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपाची एक क्लिप सैल होती. ती कसल्यावर बूस्ट १.२ बारपर्यंत गेला आणि त्याच चढाला एक्झॉस्ट ६२० च्या आसपास स्थिरावला. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे वाढवून, पाय थोडा हलका ठेवून चढल्यास तो आणखी खाली राहतो. पूर्वी आम्ही डिझेल वाचवण्यासाठी वरच्या गिअरमध्ये रेटत असू, ते इंजिनाला किती जड जात होते हे आता आकड्यांत दिसते.

माझा पुतण्याही गाडी चालवतो, म्हणून नियम लिहून ठेवले आहेत. कूलंट १०५ ला पोहोचले की खालचा गिअर घेऊन पाय हलका करायचा. ११० ला गाडी बाजूला घ्यायची आणि कॅपला हात लावायचा नाही. आंबा गावात चहाला थांबताना एक्झॉस्ट २०० च्या खाली आल्याशिवाय इंजिन बंद करायचे नाही, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमध्ये अडकलेले ऑइल करपते. गरम इंजिन आयडलवर असताना ऑइल एक बारच्या खाली दिसले तर पुढे निघण्याआधी मला फोन करायचा.

एक उणीव उरली आहे. कूलंट पूर्ण गळून गेले तर सेंडर वाफेत लोंबकळतो आणि काटा चढण्याऐवजी खाली येऊ शकतो. म्हणून येत्या हंगामापूर्वी रेडिएटरच्या वरच्या टाकीत पातळीचा सेन्सर बसवून त्याचा बझर केबिनमध्ये आणायचा आहे. उद्यमनगरातल्या मिस्त्रींशी तसे बोलून ठेवले आहे.