करडी वाळू

रविवार, रात्री

दुपारी परातीत अर्धी पांढरी, अर्धी काळी रांगोळी ओतली आणि लेकीला बोट गोल फिरवायला सांगितलं. सगळं करडं झाल्यावर म्हटलं, आता उलटं फिरव. ती फिरवत राहिली, तर उरलेसुरले पांढरे पट्टेही गेले.

ही कल्पना अमेरिकन शिल्पकार रॉबर्ट स्मिथसनची. 1967 साली न्यू जर्सीतल्या पसेइक शहराबद्दल लिहिताना त्याने काळ्या-पांढऱ्या वाळूत गोल धावणारा मुलगा कल्पिला होता. झालेलं उलटवता येत नाही, हे त्याच्या कामात सगळीकडे आहे. 1970 मध्ये युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या तळ्यात त्याने काळा बेसाल्ट आणि माती मिळून 6000 टनांहून जास्त भर टाकून 1500 फुटांचा वेटोळा बांध घातला. तीच 'स्पायरल जेटी'. तिथलं पाणी गुलाबी, मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. (जून 2020 मध्ये आपलं लोणार गुलाबी झालं, तेही अशाच जिवांमुळे.) थोड्याच वर्षांत पाणी चढलं आणि जेटी बुडाली. स्मिथसन 1973 मध्ये विमान अपघातात गेला, अवघ्या 35व्या वर्षी. 2002 च्या सुमारास जेटी वर आली, तेव्हा काळ्या दगडांवर मिठाचे पांढरे खडे चढले होते. हे त्याला नक्की आवडलं असतं.

आता मात्र पाणी जेटीपासून लांब गेलंय. कोरड्या तळावर लोक वेटोळ्यातून चालत फिरतात. त्याला 'काळाची किमया' म्हटलं की मला राग येतो. तळ्याला मिळणाऱ्या नद्यांचं पाणी वर अल्फाल्फाच्या (जनावरांच्या चाऱ्याच्या) शेतांकडे आणि शहरांकडे वळवलंय. 2022 मध्ये पातळी नीचांकाला गेली. उघड्या पडलेल्या तळाच्या धुळीत आर्सेनिक आहे आणि जवळच लाखोंची वस्ती. यात काळाचा काय दोष? हे माणसांचे निर्णय आहेत, आणि निर्णय बदलता येतात. परातीतली रांगोळी वेगळी होणार नाही, तळं मात्र भरू शकतं. 2023 च्या भरघोस बर्फाने पातळी वर आलीच की.

युटाने 2022 मध्ये कायदाही बदलला. शेतकऱ्याने हक्काचं पाणी तळ्यासाठी सोडलं, तरी त्याचा हक्क आता बुडत नाही. असं पाणी सोडणारे खूप निघोत. जेटी पुन्हा बुडाली, कधीच बघायला मिळाली नाही, तरी मला चालेल.