साडेनऊ बोटं

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तसं सगळेच विचारतात, भिशीत विचारतात, लग्नात पंगतीला बसल्यावर विचारतात, परवा तर पतसंस्थेच्या रांगेत एका ओळख ना पाळख बाईनं विचारलं, तुम्हीच ना त्या वडगावच्या, घरात सुतारकाम करणाऱ्या, तुम्हाला त्या मशिनींची भीती वाटत नाही का हो? आणि मी दरवेळी "सवय झाली" म्हणून हसते, जे धादांत खोटं आहे. सवय झालेली नाही. भीती वाटते, आणि ती टिकून राहावी म्हणून मी बरेच उद्योग करते.

आमचे आप्पा पॅटर्नमेकर होते. बेळगावबाहेरच्यांना हे सांगावं लागतं, आमच्याकडं उद्यमबागेत, मच्छेला, होनग्याला फाउंड्र्या आहेत, आणि बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, कुठलाही पार्ट ओतायचा तर आधी तो लाकडात घडवावा लागायचा, मग त्याचा ठसा वाळूत घ्यायचा आणि त्यात रस ओतायचा. ते लाकडाचं काम आप्पांचं. बीड थंड होताना साधारण एक टक्का आटतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि दरवेळी हिशोब नको म्हणून पॅटर्नमेकरची फूटपट्टीच मुळात एक टक्का लांब असते. मी ती एकदा शाळेत नेली होती, भूमितीच्या पेपरला. पुढचं सांगत नाही.

तर आप्पांच्या डाव्या हाताला साडेचार बोटं. मधल्या बोटाचं वरचं पेर नव्हतं. मी चौथीत होते तेव्हा झालं ते, परसातल्या शेडमध्ये, त्यांच्या स्वतःच्याच रंधा मशिनवर. तुकडा लहान होता, चार-पाच इंचाचा, एवढ्याशा तुकड्याला कुठं पुढून-मागून आधार मिळतोय, तो पात्यांवर गेला की नाचतो आणि बोटं तर त्याच्यावरच असतात. खरं तर लांब फळी रंधून मग तुकडा कापायचा असतो, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, वीस वर्षं तेच दुसऱ्यांना शिकवत होते. घाई होती, बास. नंतर ते सांगायचे ते एकच वाक्य मला अजून अंगावर येतं, "मशिनचा आवाजसुद्धा बदलला नाही गं." सागवान रंधताना जसा घरघर आवाज येतो तसाच येत राहिला आणि त्यांना कळलं ते लाकडावर लाल दिसलं तेव्हा.

ते वाक्य मी धरून ठेवलंय. कारण लोक भितात आवाजाला. ग्राइंडर (गोल डिस्क गरगरा फिरवून लोखंड कापायचं हातातलं मशिन) चालू केला की शेजारची मुलं कानात बोटं घालतात, ठिणग्या उडाल्या की बायका दारातूनच मागं सरतात, आणि मला वाटतं अगं बाई, ठिणगीनं फार तर ड्रेसला भोक पडेल (डोळ्यांवर गॉगल असेल तर. नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, लोखंडाचा कण बाजूनं आत जातो आणि बुबुळावर बसला तर तिथंच गंजायला लागतो, मग डॉक्टर कण काढतात आणि वर गंजाचं कडंही खरवडतात). आवाजाची भीती पंधरा दिवसांत मोडते. आणि एकदा ती मोडली की माणसाला वाटतं, आपण शिकलो. खरं म्हणजे शिकायचं असतं ते हे मशिन नेमकं कुठल्या दिशेला मारणार आहे ते. आमच्या मामाकडं उचगावला मारका बैल होता, त्याला कोणी नुसतं भीत नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं हा डाव्या शिंगानं मारतो, मग त्याची वैरण उजवीकडून टाकायची. झालं. दहा वर्षं होता, कोणाला लागलं नाही.

आता चार इंची ग्राइंडर घ्या, जो हल्ली प्रत्येक घरात असतो, मिक्सरसारखा. तो मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. मी एकदा वहीत हिशोब मांडला होता, चार इंची डिस्कची कड एका सेकंदात 55-60 मीटर जाते, म्हणजे ताशी 200 किलोमीटरच्या वर. बेळगाव स्टेशनात वंदे भारत बघायला आपण पोरं घेऊन गेलो, तिला आपल्या देशात जास्तीत जास्त 160 नं पळायची परवानगी आहे. आणि इथं दोनशेनं पळणारी वस्तू तुम्ही नाकापासून दीड फुटावर धरलेली असते. ती फुटली तर तुकडे बहुतेक डिस्कच्या रेषेतच जातात, म्हणून त्या रेषेत तोंड ठेवायचं नाही, एवढं जरी केलं तरी अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं काम गार्डचं, म्हणजे डिस्कवरच्या पत्र्याच्या झाकणाचं, आणि गार्ड तर लोक पहिल्याच दिवशी काढून टाकतात, "मध्ये येतंय" म्हणून. मध्ये यायलाच बसवलंय ते!

डिस्कला एक्स्पायरी असते हे किती जणांना माहीत आहे? मधल्या पत्र्याच्या रिंगवर महिना आणि साल छापलेलं असतं, बनवल्यापासून साधारण तीन वर्षांचं. आतले दाणे राळेनं चिकटवलेले असतात आणि राळ जुनी होते, दमट हवेत तर आणखी. आपल्याकडं जूनला पाऊस लागला की कपाटातल्या साड्यांना वास येतो, मग शेडमधल्या डिस्कचं काय होत असेल. मी डब्यात झाकून ठेवते, आडव्या.

पण ग्राइंडरनं मला खरी भीती दाखवली ती बंद असताना. तीन वर्षं झाली असतील. मी तुळशीकट्ट्याच्या बाजूचं जुने लोखंडी गज कापत होते, अर्ध्यात लाईट गेली. आता लाईट गेली म्हणजे मशिन बंद, असं आपलं डोकं म्हणतं. माझ्या जुन्या ग्राइंडरला सरकवायचा स्विच, एकदा पुढं सरकवला की तिथंच अडकून राहतो. मी तो मागं न करताच ग्राइंडर फरशीवर ठेवला आणि आत चहा टाकायला गेले. सासूबाई परसात लसूण सोलत बसलेल्या. वीस-एक मिनिटांनी लाईट आली. पंखा सुरू झाला, फ्रिज सुरू झाला आणि परसात ते भूत सुरू झालं. फरशीवर थडाथड उड्या मारत स्वतःभोवती गरगरत होतं, लसणाचं सुपडं उडवलं, प्लॅस्टिकच्या खुर्चीचा पाय कापला आणि सासूबाईंच्या पायापासून दोन-तीन फुटांवर वायर अडकली म्हणून तिथंच घुमत राहिलं. मी धावले ते ग्राइंडरकडं नाही, बोर्डाकडं, हे आठवलं की अजून मला माझं कौतुक वाटतं, कारण हात त्याच्याकडंच जायला निघाला होता. मेन स्विच पाडला. डिस्क नंतरसुद्धा काही सेकंद फिरतच होती.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. लसूण वेचला. रात्री जेवताना एवढंच म्हणाल्या, उद्यापासून लाईट गेली की आधी ते मशिन बघायचं आणि मग चहा. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे, लाईट गेली की पहिल्यांदा प्लग, आणि हा नियम आता मिक्सरलाही लागू आहे, गावाला गेलं की इस्त्रीलाही. नवीन घेतला तो ग्राइंडर दाबून धरला तरच चालतो, हात सुटला की बंद. महाग मिळाला. आमचे हे म्हणाले एवढे पैसे कशाला, तर सासूबाईच म्हणाल्या, घेऊ दे.

काही लोक चार इंची ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी ब्लेड लावतात, आणि त्याचे व्हिडिओ बघून पोरं मला विचारतात, काकू, असं चालतंय काय? नाही चालत. दगड, लोखंड डिस्क घासून कापते, दातेरी ब्लेड लाकडात दात रोवतं. दात अडकला की सगळा झटका मनगटाला आणि मशिन उलटं अंगावर, कारण खाली टेकायला पत्रा नाही, काही नाही, हवेत धरलेलं. लाकडाला सर्क्युलर सॉ मिळतो की. मग त्याच्यासाठी आहे ते वापरा.

टेबल सॉची, म्हणजे टेबलाच्या फटीतून गोल ब्लेड वर आलेल्या मशिनची, गोष्ट वेगळी आहे, मला सगळ्यात जास्त धाक त्याचाच. तिथं लोकांना वाटतं धोका म्हणजे बोट ब्लेडला लागणं. तो तर आहेच, पण ब्लेडचे पुढचे दात लाकडाला खाली टेबलावर दाबत असतात आणि मागचे दात खालून वर येत असतात, हे एकदा डोळ्यांसमोर आणा. कापताना लाकूड मिटलं, म्हणजे कापलेली फट मागं जवळ आली (ओलं लाकूड हमखास मिटतं, आणि आमच्याकडं खानापूर भागातून येणारं मत्तीचं लाकूड नीट वाळलेलं नसलं तर काही विचारू नका), की मागचे दात त्याला पकडतात, उचलतात आणि सरळ तुमच्या पोटाकडं फेकतात. गोफणीतल्या धोंड्यासारखं. म्हणून ब्लेडच्या मागं एक पातळ पात असते फट उघडी ठेवायला, आणि म्हणून मी कधीच ब्लेडच्या सरळ रेषेत उभी राहत नाही, थोडी डावीकडं. भिंतीवर तिथं एक खोक आहे. ती मी बुजवलेली नाही.

अमेरिकेत स्टीव्ह गास म्हणून एक माणूस आहे, शिक्षणानं फिजिक्सवाला, धंद्यानं पेटंटचा वकील, आणि सुतारकाम आपलं हौसेनं. त्यानं 1999 च्या सुमाराला असा टेबल सॉ काढला की ब्लेडला माणसाचं कातडं लागलं की साधारण 5 मिलिसेकंदांत ब्लेड जागच्या जागी थांबतं. कातड्यातून वीज वाहते, कोरड्या लाकडातून तशी वाहत नाही, एवढ्याच फरकावर ते चालतं. दाखवताना बोटाच्या जागी सॉसेज धरायचा. मला हे वाचून पहिल्यांदा वाटलं ते हे की त्याला शोध लागला कारण तो भ्याला. आप्पांकडं ते नव्हतं, त्यांच्याकडं एक खाच पाडलेली काठी होती, लाकूड ढकलायला. तिला ते सहावं बोट म्हणायचे. अपघातानंतर साडेपाचवं म्हणायला लागले. ती काठी आता माझ्याकडं आहे, टोकाला दातांनी खाल्लेली आहे, चार ठिकाणी.

आता कपड्यांचं. बायकांना यात जास्त त्रास आहे आणि ते कोणी सांगत नाही. मी शेडमध्ये साडी नेसून जात नाही, ओढणी नाही, बांगड्या नाहीत, केस टोपीत, आणि मंगळसूत्र काढून दाराच्या खिळ्याला अडकवते. पहिली दोन वर्षं या खिळ्यावरून घरात काय काय झालं ते मी लिहिणार नाही. पण उचगावच्याच एका बाईंचा पदर मळणी मशिनमध्ये गेला होता, मी लहान होते, त्या वाचल्या पण उजवा हात गेला. मळणी मशिननं इतके हात गेले देशात की 1983 साली केंद्रानं धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदाच केला, तो मुळात मळणी मशिनसाठीच. त्यामुळं मला कोणी मंगळसूत्राबद्दल टोकलं की मी त्या बाईंचं नाव सांगते, आमच्याकडं सगळे त्यांना ओळखतात, विषय संपतो. आणि हातमोजे. ड्रिल, सॉ, रंधा यांच्याजवळ हातमोजे घालायचे नाहीत, हे ऐकून सगळे चमकतात. अहो, बोट निसटू शकतं, हातमोजा निसटत नाही, तो धागा धागा करून आत ओढला जातो आणि हात त्याच्याबरोबर जातो.

खंडेनवमीला आम्ही सगळी मशिनं पुसून हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो, कोहळा फोडतो. त्या दिवशी मशिन चालू करायचं नाही, हे मला फार आवडतं. पण मी दरवर्षी आसपासच्या दुकानांत पानसुपारीला जाते तेव्हा बघते, हार कशाला घातलाय तर गार्ड काढलेल्या ग्राइंडरला. गार्ड कुठं आहे विचारलं तर कोनाड्यात, धुळीत. यावर्षी एकाला म्हटलं, तुमच्या देवाचा हात तोडून ठेवलाय की हो कोनाड्यात. हसला. लावला की नाही माहीत नाही.

गेल्या महिन्यात गल्लीतला एक पोरगा आला, इंजिनिअरिंगला आहे, हुशार आहे. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेला, त्यामुळं आवाजाची भीती शून्य. "काकू, जरा ग्राइंडर देता काय? गेटची कडी कापायची होती."

म्हटलं देते की. गॉगल हातात दिला, डिस्कवरची तारीख वाचायला लावली, उभं कुठं राहायचं दाखवलं, सगळ्याला मान हलवली. मग विचारलं, कापताना मध्येच लाईट गेली तर पहिल्यांदा काय करशील?

"मोबाईलचा टॉर्च लावतो की."

मी त्याला हॅक्सॉ दिली, लोखंड कापायची हातकरवत. चार दिवसांनी परत आणून दिली, ब्लेड मोडून.