एसीच्या गॅसपाशी अडलेला अहवाल

आमच्या कंपनीचा पहिला सस्टेनेबिलिटी रिपोर्ट, म्हणजे पर्यावरण आणि माणसांवरच्या परिणामांचा अहवाल, निघाला, पण त्यातले सात आठवडे एकाच आकड्यापायी गेले: वर्षभरात एसींमध्ये किती किलो गॅस भरला? राग अजून उतरलेला नाही.

वीजबिलं आणि डिझेलच्या पावत्या लेखा विभागात होत्याच, ते काम दोन दिवसांत उरकलं. मग तपासणीला आलेल्या मॅडमनी स्कोप १ चा, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या इंधन-यंत्रांतून थेट होणाऱ्या उत्सर्जनाचा, तक्ता पाहून विचारलं, "रेफ्रिजरंट कुठंय?" एसीतला हा थंडावा देणारा गॅस मी धरलाच नव्हता, किरकोळ समजून. त्यांनी तिथंच हिशेब मांडला. आर-४१०ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट तापमान वाढवतो. जेवढा भरावा लागला तेवढा गळाला असं धरायचं; एक किलो गळाला की दोन टन कार्बन डायऑक्साइडची नोंद. तेवढं उत्सर्जन व्हायला साधारण ७५० लिटर डिझेल जाळावं लागतं.

देखभालीच्या फायली काढल्या. प्रत्येक बिलावर एकच ओळ, 'गॅस चार्जिंग, १ नग'. ना किलो, ना गॅसचं नाव. कंत्राटदाराच्या ऑफिसला मेल केला, उत्तर नाही. फोन केला की "साहेब साइटवर आहेत". तिसऱ्या आठवड्यात उलट विचारणा, "बिल तर पास झालंय, आता काय हवंय?" पाचव्यात एक एक्सेल आली. सगळ्या ओळींत दोन किलो! छोट्या केबिनच्या एसीला दोन आणि हॉलच्या मोठ्या युनिटलाही दोन. ती मी पुढे पाठवली नाही. बँक आणि गुंतवणूकदार ज्या आकड्यावर विसंबणार, तो असा बसवलेला देणं मला पटणारं नव्हतं.

सुटका केली ती प्रत्यक्ष गॅस भरणाऱ्या तंत्रज्ञानं. त्याच्या खिशातल्या डायरीत दर खेपेचं सिलिंडरचं आधीचं आणि नंतरचं वजन पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. तारखा बिलांशी जुळल्या तेव्हा मला भरून आलं. दोन यंत्रांची नोंद मिळाली नाही, पण त्यांत गॅस पूर्ण नव्यानं भरला होता, म्हणून नेमप्लेटवरचं वजन धरलं आणि अहवालात 'अंदाज' असं स्पष्ट लिहिलं. मॅडमनी ते मान्य केलं. तेव्हा ऑफिसात खेटे घालण्याआधी काम करणाऱ्या माणसाला गाठा. आणि वर्क ऑर्डरमध्येच अट घाला: गॅसचं नाव आणि किलो नसतील तर बिल पास होणार नाही.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: कोणाला काय हवंय ते सुरुवातीलाच विचारून घ्या. बँकेला स्कोप १ आणि २ (विकत घेतलेल्या विजेचं उत्सर्जन) यांची बेरीज पुरली. ग्राहक कंपन्यांच्या प्रश्नावल्या मात्र एकीसारखी दुसरी नाही, कारण आपलं उत्सर्जन त्यांच्या स्कोप ३ मध्ये, म्हणजे पुरवठादारांसारख्या बाहेरच्यांच्या उत्सर्जनात, जातं. आयएसएसबी या आंतरराष्ट्रीय मंडळाची अशा अहवालांसाठीची एस१ आणि एस२ मानकं जून २०२३ मध्ये आली, तरी आमच्याकडे येणारे नमुने अजून वेगवेगळेच आहेत. कामगारांच्या बैठकीत पहिला प्रश्न शेडमधल्या उकाड्याचा निघाला. तो एकाही प्रश्नावलीत नव्हता. मी तो अहवालात घेतला आणि त्यासाठी वरिष्ठांशी वादही घातला.

अजून एक. जुन्या यंत्रांत आर-२२ हा जुना एसी गॅस असेल तर तो स्कोप १ च्या बेरजेत मिसळू नका, वेगळा दाखवा. उत्सर्जन मोजण्याच्या जीएचजी प्रोटोकॉल या जागतिक नियमावलीची तशीच पद्धत आहे. आमची बेरीज त्यासाठी एकदा परत आली होती.