शिवराई घ्यायला प्रदर्शनात जाताना

मोठ्या नाणे प्रदर्शनात संग्राहकाचे पैसे चुकीच्या जागी जातात ते बहुधा पहिल्या तासात. टेबलांच्या रांगा समोर दिसतात आणि जे दिसेल ते हवंसं वाटतं. म्हणून पुण्याच्या कॉइनेक्ससारख्या ठिकाणी पहिली फेरी काहीही न घेता पूर्ण करावी. वहीत फक्त टेबल नंबर, नाणं आणि सांगितलेला भाव टिपावा. एकाच प्रतीच्या शिवराईचे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्याचे, चार टेबलांवर चार भाव निघतात. ते ठाऊक नसताना केलेली घासाघीस आंधळी असते. अपवाद एकच: कित्येक वर्षं यादीत असलेलं नाणं दिसलं, तर तिथेच थांबावं. दुपारपर्यंत ते राहत नाही.

पिशवीत दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा, तो बरोबर मोजतो का ते तपासायचं प्रमाण वजन, छोटा चुंबक आणि टॉर्च एवढं पुरे. काटा पंख्याच्या किंवा एसीच्या झोतात ठेवला की आकडा नाचत राहतो. वजन करण्याआधी डीलरला विचारावं. नाणं कडेला धरून, टेबलावरच्या कापडाच्या वरच उचलावं.

आता शिवराई. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ तीन ओळींत, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ दोन ओळींत. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे सगळी अक्षरं एका नाण्यावर क्वचितच उतरतात. भाव ठरतो तो कुठली अक्षरं आली यावर. नुसतं ‘जा’ आणि अर्धा ‘शि’ असलेली शिवराई स्वस्त, पूर्ण मजकुराची महाग, आणि ते योग्यच आहे. लेखनातले फरक, बिंदूंची किनार, अक्षरांची वळणं यांवरून प्रकार पाडले जातात. म्हणून आपल्याकडच्या नाण्यांचे फोटो मोबाइलवर प्रकारानुसार लावून न्यावेत. मागच्या बाजूला मधे दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी पुढच्या काळातली आणि भरपूर सापडणारी. जुन्या पूर्ण शिवराया साधारण ११ ते १३ ग्रॅमच्या, दुदांडी बहुधा त्याहून हलकी. जुन्या घडणीची म्हणून दाखवलेली शिवराई फारच हलकी भरली, तर प्रश्न विचारावेत.

बनावट बहुतेक ओतीव असते. कडेला साच्याची शिवण, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं, साबणासारखी गुळगुळीत अक्षरं. खऱ्या ठोकलेल्या नाण्यात अक्षराची कड भिंगाखाली धारदार दिसते, नाणं झिजलेलं असलं तरी खाचेत ती टिकून असते. रसायनाने आणलेला काळेपणा सगळीकडे एकसारखा असतो. खरा रंग खाचांत गडद, उंचवट्यावर फिकट.

ब्रिटिश काळातल्या चांदीच्या रुपयाला तर वजनाची तपासणी हवीच: ११.६६ ग्रॅम, झिजेमुळे थोडं कमी. १९३९ चा दुर्मीळ रुपया मागताना शेवटचा ९ भिंगातून पाहावा, कारण १९३८ च्या ८ ला कोरून ९ केलेले फिरतात. १९४७ चा निकेलचा रुपया चुंबकाला चिकटलाच पाहिजे. चांदीचा कुठलाच चिकटत नाही.

घासलेलं, चकचकीत केलेलं नाणं सूट मिळाली तरी घेऊ नये. तांब्याचा गेलेला थर परत येत नाही. घेतलेलं नाणं मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवून देऊ नका. काही वर्षांनी त्यावर हिरवट चिकट थर येतो. मायलर प्लास्टिकचे फ्लिप, म्हणजे नाणं ठेवायची घडीची पाकिटं, सोबतच न्या.

कायद्याच्या दोन गोष्टी विसरू नयेत. शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातून आलेल्या मराठी मंडळींनी हे घेण्याआधीच लक्षात ठेवावं. आणि नोटांच्या टेबलावर बंद झालेल्या जुन्या ५०० व १००० च्या नोटा दिसल्या, तर २०१७ च्या कायद्यानुसार नाणकशास्त्राच्या अभ्यासासाठीही २५ पेक्षा जास्त बाळगता येत नाहीत.

सोबत लिलाव असेल, तर पाहणीच्या वेळी लॉट, म्हणजे बोलीला ठेवलेलं नाणं, हातात घेऊन बघा, कॅटलॉगच्या फोटोत कड दिसत नाही. बोलीच्या वर कमिशन आणि जीएसटी लागतो, तो धरूनच आपली मर्यादा वहीत लिहा. आणि टेबलावरून काहीही घेतलं की बिलावर नाण्याचं वर्णन, वजन आणि प्रकार लिहून घ्या, नुसतं ‘तांब्याचं नाणं’ नको.