सासूबाईंचा तारा आणि माझं जर्नल

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाचं जर्नल सही करून घ्यायला मला चार खेपा पडल्या. एका खेपेचा हिशोब असा: पहाटे उठून डबा, सहाची एसटी, नांदगाव तिठ्यावर दुसरी गाडी, साडेदहाला अभ्यासकेंद्राची खिडकी उघडेपर्यंत पायरीवर बसणं, आणि एक वाजता खिडकी बंद व्हायच्या आत आपला नंबर लागावा म्हणून देवाचं नाव. जुलै महिना, छत्री उलटी. पुढच्यांना असल्या खेपा पडू नयेत म्हणून लिहितेय. थोडा राग अजून आहे, तोही यात येईल.

मी अंगणवाडीत काम करते. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी दूरशिक्षणातून बी.ए.ला नाव घातलं आणि मानसशास्त्र घेतलं. वाडीतली प्रतिक्रिया ठरलेली, "काय गो, रत्नागिरीक जातंस की काय?" रत्नागिरीचं मनोरुग्णालय 1886 सालचं, आणि ही थट्टाही जवळजवळ तेवढीच जुनी असावी.

थिअरीचं फार सांगत नाही, ती वाचली की जमते. वुंटची लाइपझिगमधली मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा 1879, कलकत्ता विद्यापीठातला मानसशास्त्र विभाग 1916, ही साल-सनावळी एका रात्रीत होते. संशोधन पद्धतींचं प्रकरण लोक उगाच घाबरून सोडतात. सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे, एवढं डोक्यात बसलं की अर्धं प्रकरण झालं. आमच्याकडे जूनमध्ये छत्र्यांचा खप वाढतो आणि सुरमईचा भावही वाढतो. म्हणून छत्री घेतल्याने मासे महाग होतात असं कुणी म्हणत नाही. पावसाळा आला, त्यापायी 1 जूनपासून मासेमारीही बंद झाली, दोन्हीच्या मागे तोच. पेपरात मी हेच लिहिलं होतं.

आता जर्नल. मी घेतलेला प्रयोग आरशातल्या रेखाटनाचा. दुहेरी रेषेचा तारा कागदावर छापलेला असतो. प्रयुक्ताने, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याने, हाताकडे न बघता फक्त आरशात बघून त्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. किती सेकंद लागले आणि पेन्सिल किती वेळा रेषेबाहेर गेली, ते आपण मोजायचं. आधी उजव्या हाताने पाच वेळा, मग डाव्याने दहा वेळा, मग पुन्हा उजव्याने पाच. डाव्या हाताने केलेल्या सरावाचा फायदा उजव्याला मिळतो, हे दाखवायचं. केंद्रावरचं उपकरण मोडलेलं, म्हणून मी घरीच कपाटाचा आरसा विटेला टेकवला, हात झाकायला पुठ्ठ्याचं खोकं कापलं. आंब्याच्या पेट्या भरायचा पुठ्ठा घरात पुष्कळ.

प्रयुक्त म्हणून सासूबाई बसल्या. पहिला तारा 142 सेकंद, 19 चुका. "हात माझो, पण आयकता दुसऱ्याचा," म्हणाल्या. पाचव्यापर्यंत 96 सेकंद आणि 11 चुकांवर आल्या. मग डावा हात. सातव्या ताऱ्याला वीज गेली. आम्ही खिडकीशी सरकून काम पुरं केलं. पुन्हा उजवा हात घेतला तेव्हा वेळ 118 सेकंद, चुका 15. पुढचे चारही त्याच आसपास. म्हणजे सरावाने सुधारायच्या ऐवजी बिघडलं. मी जे आलं ते लिहिलं. खाली कारणंही लिहिली: प्रयुक्त एकच, तुलनेला नियंत्रित गट, म्हणजे डाव्या हाताचा सराव न दिलेले लोक, नाही, उजेड मध्येच बदलला, आणि प्रयुक्ताचे दिवसभर मासे साफ करून हात दुखत होते.

पहिली खेप शब्दांवर गेली. प्रयोगात जे बदलतं किंवा मोजलं जातं त्याला माझ्या पुस्तकात "परिवर्त्य", मार्गदर्शकात "परिवर्तक", छापील तक्त्यात "चल". मी पुस्तकातला शब्द वापरला, तर तक्त्यात छापलेला का नाही म्हणून परत. प्रयोगाआधी बांधलेल्या अंदाजाला मी लिहिलेलं "अभ्युपगम" खोडून "गृहीतक" करायला लावलं. हे मी मुकाट केलं. (हे आधीच सांगायला हवं होतं: छापील तक्ता केंद्रातून अगोदर आणा, त्यातलेच शब्द वापरा, वाद घालू नका.)

दुसऱ्या खेपेला जर्नल तपासणाऱ्या सरांनी शेवटचं पान आधी उघडलं. निष्कर्ष वाचला आणि जर्नल माझ्याकडे सरकवलं. "निष्कर्ष सिद्धांताशी जुळत नाही. दुरुस्त करून आणा."

मी विचारलं, "दुरुस्त म्हणजे प्रयोग पुन्हा करू?"

"आकडे बघा की जरा. सगळ्यांचे जुळतात."

मागे रांग होती. एक मुलगी हसली, बहुधा तिचे जुळले होते. मी जर्नल पिशवीत घातलं आणि परतीच्या गाडीत बसले. राग असा की कणकवलीची भजी समोर असून घेतली नाहीत. जे पुस्तक पहिल्या पानापासून सांगतं की जे दिसलं ते लिहा, त्याच पुस्तकाच्या परीक्षेला जे दिसलं ते चालत नाही.

योगायोग म्हणा, त्या गाडीत मी जनुकांचं प्रकरण वाचत होते. त्यात सिरिल बर्ट आहे, इंग्रज मानसशास्त्रज्ञ, मोठं नाव. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या बुद्ध्यंकातला सहसंबंध त्याने छापला, 0.771 (पूर्ण जुळलं तर 1). जुळ्यांच्या 21 जोड्या होत्या तेव्हा 0.771. पुढे तीसहून अधिक झाल्या तरी 0.771, आणि 1966 मध्ये 53 जोड्या झाल्या तरीही तिसऱ्या दशांशापर्यंत तोच आकडा. जोड्या वाढल्या की आकडा थोडा तरी हलायला हवा. तो 1971 मध्ये वारला, त्यानंतर लिऑन कॅमिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हे उघड दाखवलं. बर्टने मुद्दाम केलं की हलगर्जीपणा होता, यावर पुढे वाद झाले, पण त्या आकड्यांवर आता कुणी भिस्त ठेवत नाही. मला वाटलं, याच्या खिडकीतही कुणीतरी म्हणालं असेल, आकडे बघा की जरा.

तिसऱ्या खेपेला सर रजेवर. एवढंच. फोन करून जा, पण फोन उचलत नाहीत हेही लक्षात ठेवा.

मग मी जे केलं त्याचा अभिमान नाही. सोळा वर्षांच्या पुतणीला बसवलं. पोरगी मोबाइलवर वाढलेली, 61 सेकंदांवरून सुरुवात आणि शेवटी 38. सिद्धांताला तंतोतंत धरून. पानं बदलली, सासूबाईंची काढून ठेवली. चौथ्या खेपेला दोन मिनिटांत सही झाली आणि नांदगावला गाडीची वाट बघताना लक्षात आलं की मी एकही आकडा खोटा लिहिलेला नाही आणि तरीही लबाडी केलीय. जुळणारा प्रयुक्त पुढे, न जुळणारा कपाटात. यालाही पुस्तकात नाव आहे, खणातल्या फायलींची अडचण. ज्यात काही निघालं नाही ते अभ्यास खणात पडून राहतात आणि छापून येणाऱ्यात सगळंच सिद्ध झालेलं दिसतं. 2015 मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले, तर जेमतेम 36 टक्क्यांत पुन्हा ठोस निकाल आला. मूळच्या अभ्यासांत हेच प्रमाण 97 टक्के होतं. मधल्या फरकात माझ्या पुतणीसारख्या पुष्कळ पुतण्या असणार.

म्हणून माझा सल्ला: सुरुवातीपासून दोन प्रयुक्त घ्या आणि दोघांचीही पानं लावा. मग कुणी काढायला सांगितलं तर निदान तुम्हाला काढावं लागतंय हे दिसेल. परीक्षेचा फॉर्म भरताना प्रात्यक्षिकाची खूण वेगळी करायची असते, तीही विसरू नका. माझ्या ओळखीच्या एकीचं त्यापायी सत्र गेलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. मी रात्रभर ठरवलं होतं की विचारलं तर सासूबाईंचं सांगून टाकायचं. त्यांनी जर्नल उघडलंच नाही. विचारलं, "बुद्धीची अनुवांशिकता 50 टक्के म्हणजे काय?"

बहुतेक जण इथे फसतात. निम्मी बुद्धी आईबापांकडून, निम्मी शाळेतून, असं सांगतात. मी हापूसवर गेले. आमच्या बागेतली सगळी कलमं एकाच जातीची, जनुकं जवळजवळ एकच. खालचा खुंट रायवळाचा असतो, तो फरक सोडा. तरी एका झाडाचा आंबा गोड, दुसऱ्याचा पाणचट. हा फरक कातळाचा, उन्हाचा, फवारणीचा. म्हणजे कलमांच्या बागेत गोडीतल्या फरकाची अनुवांशिकता जवळजवळ शून्य, पण हापूस हापूस होतो तो जनुकांमुळेच. उलट कोयीपासून उगवलेल्या रायवळाच्या राईत प्रत्येक झाड निराळं, तिथे तोच आकडा मोठा येईल. आकडा समूहातल्या फरकाचा असतो, त्यात जनुकांचा वाटा किती ते सांगतो, एका झाडाचा नाही आणि एका माणसाचाही नाही.

परीक्षक थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "यंदा पेटी काय भावाने गेली?" पन्नासपैकी 43 मिळाले. सासूबाईंची गोष्ट सांगायची राहूनच गेली.

मेंदूच्या प्रकरणातला एक माणूस मात्र डोक्यातून जात नाही. एच. एम. म्हणून ओळखला जाई. 1953 मध्ये फिट थांबवण्यासाठी त्याच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणारा, बराचसा भाग काढला, आणि त्याला नव्या आठवणी साठवता येईनाशा झाल्या. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईने त्याला हाच आरशातला तारा काढायला दिला. रोज तो म्हणे, हे मी पहिल्यांदाच करतोय, आणि रोज त्याच्या चुका कमी होत. हात शिकत होता.

निकाल लागून महिना झाला असेल. सासूबाई संध्याकाळी पडवीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "हाड गो तो आरसो. तेव्हा उजेड नव्हतो." (हाड म्हणजे आण.) कागद शोधून दिला. भर उजेडात, उजव्या हाताने, 74 सेकंद, 6 चुका. जर्नल तेव्हा केंद्रात जमा होतं. मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं.