वरची दोन बोटं

जुलैतल्या एका सकाळी सेक्रेटरी काकाजींचा फोन. "साहेब, तुमचा खड्डा पाणी पीतच नाही ना! पार्किंगमध्ये घोटाभर पाणी आहे." नागपुरातल्या जयताळ्याकडची सोसायटी. पावसाचं पाणी जमिनीत मुरवणारा रिचार्जचा खड्डा दोन वर्षांपूर्वी मीच बांधून दिलेला, त्यामुळे 'तुमचा'ला हरकत घेता येईना.

पोचलो तेव्हा पाऊस थांबून चार तास झाले होते, तरी खड्डा काठोकाठ. काकाजींचं निदान तयार होतं: खालची गिट्टी चोंदली, सगळं उपसा. मी आधी पंपाने पाणी काढायला लावलं. वाळूवर राखाडी, गुळगुळीत थर. जेमतेम दोन बोटं जाड. मजुराने फावड्याची कड घालून उचलला तर पोळीसारखा सलग निघाला. खाली हात घालून तो ओरडलाच, "साहेब, खाली त वाळू मोकळीच हाय!" वर कमरेएवढं पाणी होतं आणि खालची वाळू मुठीतून भुरभुरत होती.

काळ्या मातीतली चिकण दोन मायक्रॉनहून बारीक. तिच्यासोबतचे जरा जाड कण वाळूच्या दाण्यांमधल्या फटींच्या तोंडाशी अडकतात. मग मागून येणारी चिकण त्यांच्यावर लिंपली जाते.

गाळ गच्चीचा नव्हताच. ४०० चौरस मीटर गच्ची, नागपूरचा पाऊस साधारण १,१०० मिलिमीटर, म्हणजे वर्षाला चार लाख लिटरच्या वर पाणी. तेवढं पुरे होतं. पण काकाजींना जास्त हवं होतं, मलाही मोठा आकडा आवडला, आणि अंगणाची नाली जोडायला मी होकार दिला. यंदा बगिच्यासाठी दोन ट्रक काळी माती नेमकी त्याच नालीकाठी ओतलेली. मध्ये गाळाची टाकी होती म्हणा, पण चिकण टाकीत बसायला थांबते थोडीच!

पाइप थेट बोअरमध्ये सोडा म्हणून तेव्हा सगळे हटून बसले होते. तिथे मात्र मी नाही म्हटलं होतं. हा चिखल काळ्या पाषाणाच्या भेगांत गेला असता तर फावडं कुठवर पोचणार होतं?

थर आणि त्याखालची चार बोटं वाळू काढून नवी भरली, नाली तोडली. "टाकीत बसतो ना गाळ, मग नाली कशाला तोडता?" काकाजी म्हणाले. मी नालीतलं पाणी बाटलीत भरून त्यांच्या खिडकीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. बाटलीतलं पाणी अजून चहासारखंच होतं.