नारळी पौर्णिमेला शांघायमध्ये

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षे शांघायमध्ये राहत होतो, आणि भारतातून येणाऱ्या प्रत्येक शाकाहारी पाहुण्याची पहिली चिंता ठरलेली असे : इथे जेवायचे काय? आई आली ती नेमकी श्रावणात. ती चातुर्मास पाळते, त्यामुळे कांदा, लसूण आणि वांगे आषाढी एकादशीपासूनच तिच्या पानातून गेलेले होते. आठवडाभर घरीच जेवण झाल्यावर, नारळी पौर्णिमेच्या दिवशी, सकाळी नारळीभाताचा नैवेद्य आटोपून मी तिला नानजिंग पश्चिम मार्गावरच्या गोंगदेलिन या शाकाहारी उपाहारगृहात नेले.

हे उपाहारगृह १९२२ साली सुरू झाले. गोंगदेलिन या नावाचा अर्थ ‘पुण्याचे वन’ असा होतो. तो सांगताच आईने गंभीर चेहऱ्याने, ‘‘म्हणजे पाषाणकडचं का?’’ असे विचारले, आणि तिची भीड चेपली आहे हे मला कळले. तिथल्या शाकाहारी पाककौशल्याची २००८ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली आहे. अर्थात आईला त्यापेक्षा गर्दीचे नवल वाटत होते. त्या वर्षी आपली नारळी पौर्णिमा आणि चिनी पंचांगातील सातव्या महिन्याची पौर्णिमा एकाच दिवशी आली होती. त्या पौर्णिमेला तिकडे पितरांचे स्मरण करतात, आणि एरवीही अनेक भाविक बौद्ध महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या तिथीला मांसाहार टाळतात. आपल्याकडे ‘आज माझा सोमवार आहे’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

चिनी भाषेत शाकाहारासाठी ‘सू’ हा शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ न रंगवलेले, पांढरे रेशीम असा आहे. त्याच्या विरुद्ध शब्द ‘हुन’. आज हुन म्हणजे सामिष जेवण. मात्र ज्या अक्षराने हा शब्द लिहितात त्याच्या माथ्यावर गवताचे, म्हणजे वनस्पतीचे चिन्ह आहे, कारण पूर्वी हुन म्हणजे कांदा-लसणासारख्या उग्र वासाच्या भाज्या. चिनी बौद्ध परंपरेत अशा पाच वस्तू वर्ज्य मानल्या आहेत. शिजवून खाल्ल्या तर त्या वासना चाळवतात आणि कच्च्या खाल्ल्या तर राग वाढवतात, असे त्यांचे ग्रंथ सांगतात. हे ऐकून आई समाधानाने म्हणाली, ‘‘मग आपण वेगळं काय सांगतो?’’

तिचे समाधान फार वेळ टिकले नाही. त्या पाचांत लसूण आणि कांद्याच्या जातीच्या भाज्या आहेतच, पण पाचवी वस्तू आहे ‘शिंगचू’, म्हणजे संस्कृतातले हिंगु. आपला हिंग! आपल्या घरी कांदा-लसूण बंद झाला की आमटीला चव आणण्याचा सगळा भार हिंगावर पडतो, आणि इथे हिंग थेट लसणाच्या पंगतीला बसवलेला. आईच्या पर्समध्ये त्या वेळीही हिंगाची पिवळी डबी होती. तिने पर्स मांडीवरून उचलून खुर्चीच्या पाठीला अडकवली.

आपल्याकडे अनेकांची समजूत असते की चीनमधला शाकाहार भारतातून बौद्ध धर्माबरोबर जसाच्या तसा गेला. प्रत्यक्षात, भिक्षेत मिळालेले मांस, ते आपल्यासाठी मारलेले नसेल तर, खाण्याची मुभा विनयाच्या, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेच्या, जुन्या नियमांत आहे. भिक्षूंसाठी मांसबंदीचा आग्रह धरणारा ल्यांग घराण्याचा सम्राट वू (राज्यकाल ५०२ ते ५४९) होता. पुढे मठांच्या स्वयंपाकघरांत पाहुण्यांसाठी मांसासारखे दिसणारे शाकाहारी पदार्थ रचण्याची कला वाढली, आणि गोंगदेलिनची कीर्ती या कलेवरच उभी आहे.

आईचे आणि या कलेचे मात्र जमले नाही. सोया आणि साखरेच्या रसात मुरवलेल्या टोफूच्या सायीच्या घड्या घालून, वाफवून, मग परतून केलेले ‘बदक’ आमच्यासमोर आले. कापांची कडा तांबूस चकाकत होती आणि चव शांघायी रीतीप्रमाणे बरीच गोडसर होती. आईने ताटली माझ्याकडे सरकवली. ‘‘जे खायचं नाही त्याचं सोंग तरी कशाला आणायचं?’’ तिच्या म्हणण्यात तथ्य आहे असे मला आजही वाटते. बदक मी एकटीने संपवले, हा भाग निराळा.

नवऱ्याचे मत वेगळे पडले. तो मालवणचा, घरच्या रीतीप्रमाणे श्रावण पाळणारा, आणि त्या दिवशी तिकडे समुद्राला नारळ वाहून होड्या पुन्हा पाण्यात जात असताना आपण इथे टोफू खात आहोत, याची त्याला पुरेपूर जाणीव होती. त्याने मागवला ‘खेकडा’ : बटाटा आणि गाजराचा मऊ लगदा, आले आणि व्हिनेगर घालून परतलेला. शांघायमध्ये खरा खेकडाही आले-व्हिनेगरबरोबरच खातात, त्यामुळे जिभेला आधी त्या जोडीची ओळख पटते आणि उरलेले काम ती स्वतःच करते. दोन घास खाऊन तो म्हणाला, ‘‘कुर्ली नाही, पण कुर्लीची आठवण नक्की आहे.’’ त्याच्याकडून ही मोठीच पावती होती.

आई खऱ्या अर्थाने जेवली ती काओफू आल्यावर. काळ्या कानासारखी अळंबी, वाळवलेल्या कळ्या, शेंगदाणे आणि त्यांत तपकिरी, जाळीदार, रस प्यायलेले तुकडे. एक तुकडा तोंडात टाकून ती थांबली आणि हे कशाचे आहे असे तिने विचारले. कणीक मळून पाण्यात धूत राहायची, पांढरे सत्त्व निघून गेले की उरणारा चिवट गोळा आंबवून वाफवायचा, असे मी सांगू लागले तोच ती म्हणाली, ‘‘अगं, म्हणजे कुरडईच्या उलट!’’ आपण गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून त्याचा चीक ठेवतो आणि चोथा बाजूला काढतो. फार तर त्याच्या भुसवड्या घालतो. इथे चीक वाहून गेलेला आणि मागे राहिलेले पानात आलेले. चोथ्यात कोंडाही असतो, धुतलेल्या कणकेचा गोळा निव्वळ चिवट भागाचा असतो, हा फरक तिनेच मला समजावून दिला. मग माझी आजी उन्हाळ्यात गच्चीवर किती पायली गव्हाच्या कुरडया घालत असे, याचा हिशेब सुरू झाला आणि शेजारच्या टेबलावरचे आजोबा आमच्याकडे कौतुकाने पाहू लागले.

उरलेला काओफू आम्ही बांधून घेतला. रात्री मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा कढल्यात मोहरी तडतडत होती आणि पिवळी डबी ओट्यावर उघडी होती.